पिसांचा थर: सोलंग, धुंडी आणि न गाठलेलं बकरथाच

निघण्याआधी: वेताळ टेकडी

हिवाळी हिमालयाची निम्मी तयारी पुण्यातच होते. ट्रान्सीव्हर शोधायच्या सरावाला बर्फ लागत नाही, वेताळ टेकडीवरचं वाळलेलं गवत पुरतं. फेब्रुवारीच्या शेवटी मनालीजवळच्या सोलंग-धुंडीहून बकरथाच या कुरणापर्यंत जायला निघायचं होतं, म्हणून जानेवारीचे चार रविवार सकाळी सहाला पाच जण टेकडीवर. एकाने चालू ट्रान्सीव्हर मोज्यात गुंडाळून गवतात दडवायचा, बाकीच्यांनी शोधायचा. फिरायला येणारे काका थांबून विचारायचे, "काय हरवलं? गाडीची किल्ली का?"

ट्रान्सीव्हर हे छातीशी बांधायचं छोटं वायरलेस यंत्र. कोणत्याही कंपनीचं घ्या, ४५७ किलोहर्ट्झवरच चालतं, त्यामुळे कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राला शोधतं. चालताना सगळ्यांची यंत्रं 'सेंड'वर. हिमस्खलनाखाली कुणी गाडलं गेलं की वर राहिलेल्या सगळ्यांची 'सर्च'वर. एकजण जरी बदलायला विसरला, तर बाकीचे धावत त्याच्याकडेच जातात, आणि तो उभा असतो धडधाकट. पहिल्या रविवारी नेमकं हेच झालं.

शोधाचा क्रम असा. सिग्नल मिळेपर्यंत भरभर चालायचं, दोन फेऱ्यांत साधारण ४० मीटर अंतर ठेवून. सिग्नल मिळाला की बाण दाखवेल तिकडे. बाण सरळ नेत नाही, वळणानं नेतो, कारण चुंबकीय रेषाच वक्र असतात. आकडा कमी होतोय ना, एवढंच बघायचं. १० मीटरवर वेग कमी करायचा, ३ मीटरवर यंत्र जमिनीला टेकवायचं आणि मग अधिक चिन्हासारखं पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवायचं. या टप्प्यात यंत्र फिरवलं की आकडे उड्या मारतात. नवशिके इथेच मिनिटं घालवतात. सगळ्यात लहान आकडा मिळाला तिथून प्रोब, म्हणजे घडीची लांब सळई, उताराला काटकोनात खुपसायची. नाही लागलं तर २५-२५ सेंटीमीटरवर गोल गोल बाहेर जायचं. लागलं की सळई तिथेच ठेवायची, काढायची नाही.

मोबाइल, स्मार्टवॉच, पॉवरबँक या सगळ्यांचा यंत्राला त्रास होतो. चालताना निदान २० सेंटीमीटर लांब, शोधताना ५० सेंटीमीटर. शोधणाऱ्याने मोबाइल बंदच करावा.

घाई कशासाठी? गाडला गेलेला माणूस १० मिनिटांच्या आत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती एक तृतीयांशावर येते, कारण बहुतेकांचा जीव थंडीने जात नाही, गुदमरून जातो. बचाव पथक मनालीहून येईपर्यंत हा हिशोब संपलेला असतो. जे काय करायचं ते सोबतच्या चौघांनीच. टेकडीवर पहिल्या दिवशी ११ मिनिटं लागली होती, चौथ्या रविवारी ४. अर्थात हे फक्त शोधण्याचं. मीटरभर खोल माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो. म्हणून फावडं ॲल्युमिनियमचं हवं. प्लॅस्टिकचं फावडं हिमस्खलनाच्या थिजलेल्या बर्फावर मोडतं.

दिवस १: मनाली

झेलमने अंबाला, तिथून रात्रीची बस, सकाळी मनाली. पुणे ५६० मीटरवर, मनाली सुमारे २,०५० वर. पहिला दिवस पाणी पिण्यात आणि भटकण्यात घालवला. बाजारात राजमा-चावल, वर तुपाची धार.

संध्याकाळी बुलेटिन. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सासे' हेच नाव आहे. २०२० मध्ये सासे या नव्या संस्थेत विलीन झाली. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी ४ आणि ५ ला कुणी वर जात नाही. माणसं फसतात ती ३ ला. पाचांतला मधला आकडा, म्हणजे 'ठीकठाक' असं आपण वाचतो. आल्प्समधले सर्वाधिक बळी ३ वरच जातात, कारण त्या दिवशी आकाश बहुधा निळं असतं.

जाणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात सोलंगच्या पुढे सोडायचं की नाही हे प्रशासन हवामान बघून ठरवतं, मनालीत विचारल्याशिवाय निघू नका. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, परदेशी मित्राने दिलेला तर अजिबात आणू नका. मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. ट्रान्सीव्हर मनालीत भाड्याने मिळेल असं गृहीत धरू नका.

दिवस २: सोलंग

रात्र निरभ्र आणि वाऱ्याविना गेली. सकाळी ओढ्याकाठच्या बर्फावर पिसं उगवली होती. दुसरा शब्द नाही. पातळ, चपटी, करवतीच्या दातांसारख्या कडांची, सेंटीमीटरभर उंच, हजारोंनी उभी. उन्हाच्या तिरपेने सगळा काठ चमकत होता आणि बूट टेकला की काचेची पूड झाल्यासारखा बारीक किणकिणाट. सोलंगला स्कूटरवर फिरायला आलेली मंडळी त्यावर झोपून फोटो काढत होती.

हे म्हणजे गोठलेलं दव. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो, आसपासच्या हवेपेक्षा थंड होतो आणि हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ बनून त्यावर बसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दर थंडीत पेपरात येतात, त्याचंच हे थोरलं भावंड. ऊन किंवा वारा लागला तर दुपारपर्यंत नाहीसं होतं. पण त्याआधी त्यावर हलक्या हाताने नवा बर्फ पडला, तर पिसं उभीच्या उभी गाडली जातात आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहतात. वहीत नोंद केली: 'उत्तर-पूर्व उतार, ओढ्याजवळ, ८ ते १० मिलिमीटर, सावलीत शाबूत.' दुपारी चारला पुन्हा जाऊन पाहिलं. उन्हाच्या बाजूची वितळली होती, सावलीतली होती तशी.

दिवसभराचं काम खड्ड्याचं, म्हणजे बर्फ खणून त्याचे थर बघण्याचं. जंगलाच्या कडेला, ज्याच्या वर मोठा उतार नाही असा एक बांध निवडला. आधी उतार मोजला. फोनमधलं ॲप असतंच, पण गारठ्यात फोन मान टाकतो, म्हणून काठ्यांची युक्ती: दोन्ही काठ्या १२० सेंटीमीटर. एक उतारात सरळ उभी धरायची. दुसरी आडवी, तिचं एक टोक वरच्या बाजूला उताराला टेकलेलं, दुसरं उभ्या काठीला. उभ्या काठीवर ती ६९ सेंटीमीटर उंचीवर लागली तर उतार ३० अंश, ८४ वर ३५ अंश, अगदी टोकाला लागली तर ४५. काठीवर ६९ आणि ८४ ला लाल टेप पुण्यातच लावून घेतली होती. हे दोन आकडे म्हणजे या विषयाचा गाभा. स्लॅबची हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ बसून राहतो, त्याहून उभ्या जागी साठतच नाही.

स्लॅब हाच शब्द. पुण्यात स्लॅब पडला की पेढे वाटतात, इथे पळायलाही वेळ मिळत नाही. वरचा घट्ट थर, खाली ठिसूळ थर, त्याखाली पुन्हा घट्ट. चिरोट्याचे पापुद्रे जसे एकमेकांपासून सुटतात, तसा वरचा थर अख्खा सुटतो.

खड्डा १४० सेंटीमीटर. भिंत फावड्याने गुळगुळीत तासली आणि वरून खाली बोटं खुपसत गेलो. मूठ शिरते तो थर सगळ्यात मऊ. मग चार बोटं, एक बोट, पेन्सिल, चाकू. वरचे २० सेंटीमीटर मूठ, मग चार बोटं, मध्ये एक बोट, आणि तळाच्या २५ सेंटीमीटरमध्ये पुन्हा मूठ! तिथला बर्फ हातात घेतला तर गोळा होईना, खडीसाखरेसारखा बोटांतून सांडला. भिंगाखाली ३-४ मिलिमीटरचे पैलूदार कण. हे डिसेंबरचं देणं. तेव्हा बर्फ जेमतेम ६० सेंटीमीटर असतो, जमीन शून्यावर, पृष्ठभाग रात्री उणे १५. म्हणजे दर १० सेंटीमीटरला अडीच अंशांचा फरक. १ अंशाच्या वर गेलं की वाफ कणाकणातून वर सरकते आणि कणांमधले सांधे सोडवत त्यांची साखर करते. थोडा बर्फ कमी धोक्याचा, ही समजूत इथे उलटी पडते.

रात्री ढाब्यावर सिड्डू. गव्हाची आंबवलेली वाफवलेली करंजीच म्हणा, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. ढाबेवाल्या दीदी दोनच्या खाली मोजत नाहीत.

दिवस ३ आणि ४: सोलंग, खिडकीतून

पश्चिमी झंझावात ठरल्याप्रमाणे आला. दुपारी दोनला पहिले कण, आणि वारा अजिबात नाही. बाकी पर्यटक खूश. आम्ही ओढ्याकाठच्या पिसांचा विचार करत होतो. सावलीतली अजून उभी होती आणि त्यांच्यावर अलगद पांघरूण पडत होतं.

दीदींकडून एक लाकडी पाट मागून घेतला, मोकळ्या जागी ठेवला आणि दर सहा तासांनी पट्टीने मोजला. धातूची परात चालत नाही, ती गरम-थंड पटकन होते. बर्फ थांबेपर्यंत ४० सेंटीमीटर. एक लिटरचा स्टीलचा डबा न दाबता भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ९० ग्रॅम. म्हणजे घनमीटरला ९० किलो, आणि ४० सेंटीमीटरचे दर चौरस मीटरला ३६ किलो. ऐकायला किरकोळ. ५० बाय ५० मीटरच्या एका उतारावर हेच ९० टन होतात, आणि ते पिसांच्या पायांवर उभे असतात.

उशिरा रात्री वारा सुटला. वारा हा बर्फाचा हमाल: एका बाजूचा उचलून कण्याच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने तिथे थर चढतो, आणि कण फुटून घट्ट बसल्यामुळे तो स्लॅबच बनतो. कड्यावरून धुरासारखा बर्फ उडताना दिसला की तो कुठल्या बाजूला जातोय ते लिहून ठेवावं. दोन दिवसांनी ती बाजू टाळायची असते.

दुसऱ्या दिवशी चहाला पलचानचे एक म्हातारे चाचाजी आले. तरुणपणी उन्हाळ्यात बकऱ्या घेऊन वर जायचे. हिमस्खलनाची वाट कशी ओळखायची म्हणून विचारलं तर खिडकीतून समोरचा डोंगर दाखवला. देवदारांच्या गर्दीत वरपासून खालपर्यंत एक मोकळी पट्टी. "वहाँ पेड़ क्यों नहीं हैं, सोचो." कडेच्या झाडांना वरच्या अंगाला फांद्या नाहीत, खालच्या अंगाला आहेत. आणि पट्टीत उगवलेले भूर्ज सगळे उताराकडे वाकलेले, कारण दर वर्षी दाबले जातात. जाड, सरळ देवदार जिथे गच्च उभे आहेत तिथे थांबावं, मोकळ्या सपाटीवर नाही. सपाटीपर्यंतच तर ते येऊन पोचतं.

हा शेवटचा मुद्दा ट्रेकर्सच्या डोक्यात शिरत नाही. 'आम्ही उतारावर नव्हतोच' हे वाक्य नेहमी ऐकू येतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेचा कॅम्प गाडला गेला. ५४ कामगार होते, ८ दगावले. ते कुठल्या उतारावर चढलेले नव्हते, मुक्कामाला होते. आणि हा धोका हिवाळ्यापुरता असंही नाही. उत्तराखंडातल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ ला गिर्यारोहण शिकणाऱ्यांची जी तुकडी हिमस्खलनात अडकली, ती पावसाळ्यानंतरच्या ताज्या बर्फात. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत.

पुण्याच्या खाऊबद्दल: चिक्की आणू नका, उणे ८ ला ती दातांशी वैर धरते. भाकरीची फळी होते. गुळपोळी आणि शेंगदाण्याचे लाडू शेवटपर्यंत चावता आले. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं.

दिवस ५: धुंडी आणि पुढे

बर्फ थांबून ३० तास झाले होते. सामान्य नियम असा की मोठ्या हिमवर्षावानंतर निदान २४ ते ४८ तास वर जायचं नाही. नवा बर्फ तेवढ्यात बऱ्यापैकी बसतो. पण हा नियम नव्या बर्फाचा आहे, गाडलेल्या पिसांचा नाही. म्हणून बेत असा: नदीच्या पात्राने बकरथाचच्या दिशेने, ३० अंशांवर पाय ठेवायचा नाही, आणि धोक्याची लाल खूण दिसली की माघारी. लाल खुणा कोणत्या ते आदल्या रात्री वहीत लिहून पाचही जणांनी वाचलं. बर्फात उभं राहून वाद घालायला नकोत.

धुंडीपर्यंत अटल बोगद्याचा रस्ता. वाटेत हिमस्खलनापासून वाचवायला रस्त्यावर बांधलेल्या काँक्रीटच्या गॅलऱ्या दिसतात, त्या म्हणजे सरकारने काढलेला धोक्याचा नकाशाच समजा. निघताना ट्रान्सीव्हर तपासणी: एकजण पुढे उभा, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून; आधी त्याचं यंत्र सर्चवर, मग उलट. दोन मिनिटं लागतात.

पुढे स्नो-शू घालून. उतारांच्या पायथ्याशी एका वेळी एकजण, बाकीचे देवदारांत उभे राहून त्याच्याकडे बघणार. हे कंटाळवाणं आहे, आणि पाच जणांना तीनशे मीटर जायला वीस मिनिटं लागतात. लागू द्यावीत.

सव्वानऊला, भूर्जांच्या एका सपाट चौकात, पायाखाली 'धप्प' झालं. जड गादी दुसऱ्या गादीवर पडावी तसा आवाज, आणि त्याबरोबर जमीन बोटभर खाली बसल्याची जाणीव. पुढच्या माणसाच्या स्नो-शूपासून दहा मीटर लांब एक केसाएवढी चीर सरकत गेली. कमकुवत थर कोसळला आणि आतली हवा बाहेर पडली, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. सपाटीवर होतो म्हणून काही सुटलं नाही. पण असं कोसळणं सपाटीवरून पसरत वरच्या उताराखाली गेलं, तर वरचा उतार खाली येतो, आणि तुम्ही खाली उभे असता.

खरं तर इथेच निकाल लागला होता. तरी, वर काहीही नव्हतं अशा एका बुटक्या बांधावर, खड्डा केला. कशामुळे, हे बघायचं होतं. एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट: उताराला आडवा ९० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल असा खांब चारही बाजूंनी मोकळा करायचा, मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने करवतीसारखी कापायची. एका टोकाला फावड्याचं पातं पालथं ठेवून मनगटातून १० टिचक्या, कोपरातून १० थापा, खांद्यातून १० तडाखे. मनगटाच्या दहा झाल्या. कोपराच्या तिसऱ्या थापेला, म्हणजे तेराव्याला, ४२ सेंटीमीटरवर भेग उमटली आणि त्याच क्षणी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वरचा ठोकळा अख्खा ड्रॉवरसारखा घसरून मांडीवर आला.

ठोकळा उलटा केला. खालच्या अंगावर पिसं चिकटलेली होती, तीच, करवती कडांची, तीन दिवसांपूर्वी फोटोत आलेली. काही मोडून आडवी झाली होती, बाकीची उभी. नव्या बर्फाखाली आणखी थोडी वाढल्यासारखी वाटली. तो भ्रम असावा.

भेग खांबाच्या मध्येच थांबली असती किंवा तिसाव्या तडाख्यालाही काही झालं नसतं, तर पुढे गेलो असतो का? नाही. खड्डा एका खोलीएवढ्या जागेची गोष्ट सांगतो, डोंगराची नाही. वीस मीटर बाजूला पिसं वाऱ्याने मोडली असतील, किंवा दुप्पट असतील. त्यामुळे खड्डा 'नको' म्हणाला तर मुकाट ऐकावं, 'जा' म्हणाला तर फार मनावर घेऊ नये. तळाच्या खडीसाखरेबद्दल तर ही चाचणी जवळजवळ मुकीच असते, मीटरभर खाली थापांचा जोर पोचतच नाही. परवानगी काठीवरची लाल टेप देते, फावडं नाही.

परत निघालो ते आपल्याच पावलांवर पाय ठेवत, तसंच एकेक करून. हनुमान टिब्बा हे शिखर समोर स्वच्छ उभं होतं. बकरथाच दिसत होतं, तासाभराच्या अंतरावर.

दिवस ६: सोलंग, मनाली

सकाळी आठला सगळं टणक, दहाला वरचा थर ओला. साडेअकराला समोरच्या दक्षिण उतारावर खडकाजवळ एक ठिपका सुटला, खाली येता येता पंख्यासारखा पसरला, मागून बादलीभर खडी ओतल्याचा आवाज. पाठोपाठ आणखी तीन. ही ओल्या बर्फाची जात वेगळी, हिला पिसांची गरज नाही, ऊन पुरतं. मनाली ३२ अंश अक्षांशावर. फेब्रुवारीअखेरचं ऊन युरोपातल्या एप्रिलसारखं चढतं, म्हणून युरोपियन पुस्तकांतलं 'दुपारपर्यंत परत या' इथे 'दहापर्यंत परत या' असं वाचावं. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की दक्षिणेकडचे उतार त्या दिवसापुरते बंद.

दीदींना पाट परत केला. त्यांनी तो झटकून तिथेच कणीक मळायला घेतला आणि वर एकेक सिड्डू बांधून दिलं. चाचाजींना भेगेचं सांगितलं तर ते म्हणाले, त्या चौकात फाल्गुनात ते बकऱ्याही थांबवत नसत.

संध्याकाळची बस, अंबाल्याहून झेलम. पुण्यात आल्यावर पहिलं काम ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या काढण्याचं. यात साध्या अल्कलाइनच घालाव्यात (रिचार्जेबलचा उरलेला चार्ज यंत्राला नीट कळत नाही), आणि पावसाळ्यात आत राहिल्या तर पाझरून पट्ट्या खातात. प्रोबची दोरी पंख्याखाली वाळत घातलीय. फावड्याला तिथली माती लागलेली नाही, धुवायचं काही नव्हतं.